दामोधरभाऊ आणि न बदलणारी अळी

दामोधरभाऊंना शिकलेला माणूस भेटला की ते आधी चहा सांगत आणि मग विचारत, “माकडाचा माणूस होतानी तुमी सोता पाह्यला काय?” मारेगावच्या तलाठ्यापासून जनावरांच्या डॉक्टरपर्यंत कोणीच पाहिलेला नव्हता. तेवढ्यावर उत्क्रांती खोटी ठरे. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई एकदा म्हणाल्या, असा बदल व्हायला लाखो वर्षं लागतात. भाऊ म्हणाले, मले घाई नाही, बसा.

त्यांचं शेत माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. बीटी कपाशीच्या पाकिटात तेव्हा साध्या बियाण्याची एक पुडी मिळे. ती शेताच्या चारही कडांनी पाच ओळी पेरायची असे. बहुतेक जण फेकून देत. मी भाऊंना समजावलं. बीटीच्या झाडातच असलेल्या विषातून एखादी बोंडअळी वाचते. तिची जोडी तशाच वाचलेलीशी जमली, तर पुढच्या पिढीला ते विष बाधत नाही. कडेला साध्या कपाशीवर नेहमीच्या अळ्या जगू द्या. वाचलेलीची त्यांच्याशी जोडी जमली की पिल्लं विषानं मरतात.

भाऊ हसले. “देवानं घडवली तशीच रायते अळी. तिच्या लग्नासाठी मी कायले मांडव घालू?”

पुडी नाल्यात गेली.

काही वर्षांनी कपाशी कमरेएवढी झाली. तिच्या भरवशावर भाऊंनी बोअरवाल्याला शब्द दिला होता. दुसऱ्या वेचणीला बोंडं उमलेनात. मी वीस हिरवी बोंडं फोडली. चौदांत गुलाबी अळी. माझ्याकडेही तेच, कारण अळीच्या पतंगाला धुरा कळत नाही.

“देवानं यंदा नवीच अळी पाठोली, शंकरराव.”

मी म्हणालो, जुनीच आहे. विषातून वाचलेल्यांची नातवंडं. भाऊंनी अळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

“मंग झाली काय ते? माणूस झाली? अळीची अळीच रायली ना.”

वाद त्यांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी उभ्या कपाशीत रोटाव्हेटर फिरवला. बोअरवाल्याला नाही म्हणून कळवलं.

पुढच्या पेरणीआधी ते माझ्या ओसरीवर आले. किती ओळी सोडा लागते, असं हळूच विचारलं. “अळी बदलते म्हून नाही हो. तुमचं मन राखाले.”

मग ते गावभर फिरले. देवानं अळी केली तं तिचा हिस्सा बाजूनं ठेवाच लागते, असं प्रत्येकाला सांगितलं. दहा वर्षं मी आकडे मांडून समजावत होतो, तेव्हा दोघांनी ऐकलं होतं. भाऊंचं सगळ्या गावानं ऐकलं. शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, आता तरी त्यांना पटलं असेल. मी विचारायला गेलो. भाऊंनी आधी चहा सांगितला.