गाठ, पदर, निऱ्या, कासोटा

खारघरहून भाचीचा, तन्वीचा, फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मावशी, आई उठत नाहीये..." झोपेतच हृदय थांबलं. आयुष्यभर एका जागी न बसलेली माझी धाकटी बहीण नीता गेली ती अशी, निपचित पडून. महिना उलटला, तरी मला ते पटत नाही. राग येतो. आता मीच जुईनगरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते आणि कशाला आले होते तेच विसरते.

विसरणं हा खरं तर नीताचा प्रांत. दूध उतू जायचं, किल्ली आत राहायची. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं, एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, कामाच्या पायऱ्यांचा क्रम निसटतो. ती आधी हसली, मग रडली. "म्हणजे मी वेंधळी नव्हते, ताई!" आणि बाईसाहेबांनी लगेच नऊवारी नेसवण्याचा क्लास लावला. लग्नाच्या ऑर्डर घ्यायच्या म्हणे! मी कपाळाला हात लावला.

क्लासात शिकलेलं दुसऱ्या दिवशी पुसलेलं असायचं. म्हणून ती तिथून थेट माझ्याकडे यायची आणि मला उभी करायची. गाठ, पदर, निऱ्या, कासोटा... चुकलं की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पायांत गोळे यायचे. जरा वळले की ओरडायची, "ताई, हलू नकोस गं!" हे कुणी कुणाला सांगावं! पण हळूहळू तिच्या हातांना क्रम कळला. तोंडी विचारलं तर अडायची, साडी हातात आली की सुटायची. एकदाच भर लग्नातून फोन आला, "गाठीनंतर काय? पटकन सांग, टेन्शन आलंय!" मलाही आठवेना. स्वयंपाकघरात हात वर करून उभी राहिले, तेव्हा कुठे सुचलं. "पदर. खांद्यावर घे."

गेल्या आठवड्यात तन्वी साडी घेऊनच आली. "आईने ऑर्डर घेतलेल्या रविवारच्या नवरीला मीच नेसवणार. शिकव." मी काय शिकवणार? मी कधी कुणाला नेसवलेलीच नाही. शेवटी हॉलमध्ये हात वर करून उभी राहिले. आधी कमरेला ओढ, मग खांद्यावर थाप... नीताचे हात जसे लागायचे, तसं सांगत गेले. दोनदा सगळं सुटलं. तिसऱ्यांदा मागे कासोटा घट्ट बसला आणि माझा बांध फुटला, अंग गदगदायला लागलं.

"मावशी, हलू नकोस ना," तन्वी मागून म्हणाली.

मी हलले नाही.