वाटणीत गेलेला मधला स्पीकर

अर्जदार : मी, दत्तात्रय, राहणार नेरूळ, व्यवसाय अर्ज लिहिणे. विरुद्ध पक्ष : माझा धाकटा भाऊ वसंत, राहणार कळंबोली. घटनेचा काळ : सन १९९८, दसऱ्यानंतरचे दिवस. साक्षीदार : माझी पत्नी शालिनी, वसंताची पत्नी सुमन, आणि आमचे वडील नाना, जे या प्रकरणाचे कारणही आहेत.

प्रथमतः नमूद करतो की करणी, बाधा, उतारा यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कचेरीबाहेर माझे टेबल आहे. तिथे कोणी असली तक्रार घेऊन आला की मी त्याला सरळ वाटेला लावत असे. तरीही पुढील हकीकत खरी आहे.

नाना मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात हमाली करून निवृत्त झालेले. कान अधू, पण पिक्चरची हौस दांडगी. निवृत्त झाल्यावर त्यांनी होम थिएटर घेतले – डावा, उजवा, मागचे दोन, आणि टीव्हीखाली ठेवायचा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर. पडद्यावरच्या माणसांचे बोलणे या मधल्यातूनच येते. पुढे आम्हा भावांची वाटणी झाली. थोरला म्हणून सेट माझ्याकडे आला. तेव्हा वसंत म्हणाला, "सगळं दादालाच का? मला कायतरी नको?" आणि निव्वळ आकसापोटी मधला स्पीकर उचलून घेऊन गेला. त्याच्याकडे तो शोकेसमध्ये पडून राहिला, वायर त्याच्याच अंगाला गुंडाळलेली. नानांचीही वाटणी झाली. एक महिना माझी पाळी, एक महिना त्याची.

मधला गेल्यावर माझ्याकडे फक्त गाणी आणि मारामाऱ्या उरल्या. सेंटरशिवाय सेट चालवायचे बटण होते, ते केव्हाच मोडले होते. नाना एक-दोन पाळ्या कसेबसे राहिले. नंतर म्हणाले, "दत्तू, तुज्याकडं मान्सं नुसती तोंडं हालिवत्यात. वसंताच्या टीव्हीच्या डबड्यात बोलत्यात तरी." आणि यायचे नाकारले. बाप थोरल्याच्या दारात येत नाही, ही गोष्ट बिल्डिंगभर झाली. वसंताकडे स्पीकर मागितला, तर म्हणतो, "स्पीकर दिला तर नानापण नेशील." तेव्हा मी ठरवले – नवा मधला घ्यायचा आणि नानांना आणायचेच.

वाशीच्या दुकानदाराने सांगितले, "साहेब, मधला कुठलाही चालत नाही. डावा-उजवा ज्या कंपनीचा, त्याच मेळाचा पाहिजे. नाहीतर हिरो डावीकडून चालत येईल आणि मधोमध आला की दुसऱ्याच माणसाच्या आवाजात बोलेल." म्हणून मी डावा स्पीकर चादरीत बांधून रिक्षाने दुकानात नेला. शेजारी एकेक मधला लावून ऐकला. एकाचा आवाज नाकात, एकाचा पिंपात बसल्यासारखा. शेवटचा मात्र अगदी सख्खा निघाला. तोच घेतला.

घरी आणून जोडला. भर दुपार होती. व्हीसीडी लावली... डाव्या-उजव्यातून वाजंत्री, मधला ठार मुका. वायर बदलली, पुन्हा लावली – तेच.

"जुनाच पाहिजे असेल त्याला," शालिनी म्हणाली. "बापासारखा हट्टी."

माझे डोके फिरले. मी मुक्या स्पीकरसमोर उभा राहून म्हणालो, "वसंता माझ्या मुळावर उठलाय. आणि म्हाताऱ्याला यायचं नसेल तर नको येऊ दे. उद्या मेला तर मी खांदा द्यायलासुद्धा जाणार नाही." खोलीत आम्ही दोघेच होतो. दार-खिडक्या बंद.

लगेच फोन वाजला. सुमन होती.

"भावजी... हे काय बोललात? शोकेसमधला स्पीकर बोलला. तुमच्याच आवाजात. वायर कशाला जोडलेली नाही हो. नाना समोरच बसलेत."

मागून वसंत ओरडत होता, "काय मशीन लावलंय रे घरात? बापाला मारायला निघालास?" मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगे नाही. मग फोन नानांनी घेतला.

"दत्तू, खांदा नगं दिऊस. पर लई वर्सांनी कुनाचं बोलनं येवडं सपष्ट आयकू आलं मला."

आणि फोन ठेवला.

दुकानदार स्वतः येऊन गेला. तोच स्पीकर दुकानात नेला की घडाघडा बोलतो, माझ्या घरी आणला की मुका. त्याने हात वर केले. वसंताचे म्हणणे, हा माझा कावा आहे. माझे म्हणणे, त्याचा आहे. यापैकी काहीही सिद्ध झालेले नाही, आणि अधू कानांच्या माणसाला शब्दन् शब्द कसा ऐकू गेला, याचा खुलासा दोन्ही पक्षांकडे नाही. वाचकांपैकी कोणाकडे असल्यास जरूर कळवावा.

नाना कळंबोलीलाच आहेत. पाळी माझी चालू आहे. सुमन शालिनीला म्हणाली की त्यांनी तो स्पीकर आता उशाशी घेतला आहे, आणि टीव्ही लावू देत नाहीत.

हा मजकूर मी माझ्या मुक्या स्पीकरसमोर बसून, दार लावून, मोठ्याने वाचला आहे. सबब, नाना, विनंती की खांद्याबाबतचे माझे विधान रद्द समजावे, आणि हे ऐकू आले असल्यास तसे उत्तर द्यावे.