भोंगाशेठच्या पिकअपची बोलती बंद

माझं हार्डवेअरचं दुकान आणि त्याची रोपवाटिका समोरासमोर, मधे फक्त रस्ता. त्याला सगळे भोंगाशेठ म्हणतात, आणि अगदी तोंडावर म्हणतात. तो रागवत नाही, कारण निम्म्या वेळा ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात, लग्न ठरलं तेव्हा हा माणूस इतकं हळू बोलायचा की होकार दिला की नकार, हे त्यांच्या वडिलांना पुन्हा विचारून घ्यावं लागलं होतं. हा भोंग्यासारखा आवाज त्याला मिळाला तो पिकअपमुळे. जुनी डिझेल गाडी. घेतली तेव्हाच कुणीतरी पुरती पिदडून विकलेली. किल्ली फिरवली की आधी एक उचकी, मग खोकला, आणि मग पत्र्याच्या पिंपात दगड भरून कुणी ते जिन्यावरून सोडून द्यावं तसा धडधडाट. ती समोर सुरू झाली की माझ्या दुकानातल्या बिजागऱ्या खोक्यातल्या खोक्यात नाचायच्या.

हे झालं बाहेरचं. आत बसणाऱ्याचे हाल तर विचारू नका. नवराबायको रोज कुंड्या आणि रोपं घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचे, तो स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, मांडीवर एखादं नाजूक रोप. बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे हळूहळू त्यांची एक खुणांची भाषाच तयार झाली होती. वहिनींनी तळहात दाखवला की ब्रेक. कोपर मारलं की चुकीच्या गल्लीत घुसलात. डोळे मिटून मान मागे टाकली की तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही. संसार तसा सुरळीत चालला होता.

घोळ झाला तो जास्वंदीपायी. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी गॅलरीसाठी झाडं मागवायला फोन केला, नेमका गाडी चालू असताना. बाई म्हणाल्या, "जास्वंद नको हं, बाकी तुमच्या आवडीचं काहीही पाठवा." भोंगाशेठला ऐकू आलं, "जास्वंद नऊ."

"बाईंना जास्वंदीचं भारीच वेड दिसतंय," असं म्हणत त्याने नऊ मोठमोठ्या कुंड्या गाडीत चढवल्या आणि तिसऱ्या मजल्यावर वाहून नेल्या. गॅलरी एवढीशी, की एक खुर्ची ठेवली तर बसणाऱ्याने पाय घरात ठेवावेत.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"नऊ!"

"नको म्हणाले होते! नको!"

"आता आणलीच आहेत, तर ठेवून घ्या ना!" हे त्याने त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, म्हणजे वरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

"माझ्या शाळेत असतात ना, तर वर्गाबाहेर उभं केलं असतं तुम्हाला."

"बाहेरच उभा आहे, बाई," भोंगाशेठ म्हणाला. तो खरोखरच उंबऱ्याच्या बाहेर होता, दोन्ही हातांत एकेक जास्वंद घेऊन.

नऊही कुंड्या पुन्हा खाली आणल्यावर वहिनी गाडीत बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "आजपासून एक तर ही गाडी गप्प बसेल, नाहीतर मी घरी बसेन. तुम्हीच ठरवा."

त्याने गाडी गप्प करायचं ठरवलं. चूक एवढीच केली, की ते बायकोच्या भावासमोर बोलून दाखवलं.

मेव्हण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि कुठल्याही विषयावर त्याने एक तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. दुसऱ्याच दिवशी तो गाद्यांच्या फोमचे तक्ते आणि अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन हजर झाला. फोम दारांच्या आत कोंबला, मॅटखाली जाड थर पसरला आणि ट्रे छताला चिकटवले. चिकटवायला गोंद माझ्याच दुकानातला.

"दाजी, स्टुडिओत अस्संच असतं," तो म्हणाला.

"तू कधी गेला होतास स्टुडिओत?"

"पासपोर्टचा फोटो काढायला."

गाडी सुरू केली. आवाज होता तेवढाच, शिवाय छताचे ट्रे थरथरून त्यात टाळ्यांची भर पडली. वर नवीनच भानगड झाली. फोमचा थर इतका जाड होता की अॅक्सिलरेटर पुरता दाबलाच जाईना. गाडी चढावर मुंगीच्या चालीने निघाली. मागून एक आजोबा सायकलवरून आले, बरोबरीने चालत काचेतून आत डोकावले आणि "काही मदत हवीय का?" असं विचारून पुढे निघून गेले.

मेव्हणा म्हणाला, "थोडे दिवस द्या, फोम बसेल." फोम बसला नाही, भिजला. वहिनी पुन्हा गाडीत बसायला लागल्या होत्या, भावाचं मन मोडू नये म्हणून. त्यांच्या पायाशी ओली रोपं असायची, त्यांचं पाणी झिरपायचं, आणि गादीचा फोम ते सगळं पिऊन बसायचा. केबिनमध्ये असा वास सुटला की भोंगाशेठ डोकं खिडकीबाहेर काढून गाडी चालवायला लागला. त्यातच लॉनच्या बियांची एक पिशवी सीटखाली फाटली. ओल, ऊब आणि मऊ बिछाना, बियांना आणखी काय पाहिजे? एके सकाळी वहिनींनी पाय ठेवायला खाली पाहिलं आणि किंचाळल्या, "अहो! तुमच्या पायाखाली हिरवळ उगवलीय!"

खरंच उगवली होती. क्लचच्या भोवती तर चांगली दाट. मी रस्ता ओलांडून बघून आलो. तेवढ्यात रोपवाटिकेत आलेल्या एका गिऱ्हाइकाने वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "हे गाडीत असं लावून द्यायचे किती घेता?"

त्या दिवशी भोंगाशेठने गाडी काढली आणि थेट मिस्त्रीकडे नेली.

हा मिस्त्री कानाने अधू. जन्म गॅरेजात गेला, दुसरं काय होणार? गिऱ्हाइकं त्याच्यासमोर हातवारे करून थकतात. त्याला नीट ऐकू येईल असं बोलणारा सगळ्या वस्तीत एकच माणूस होता, त्यामुळे भोंगाशेठवर त्याचा फार जीव.

"आवाज कमी करायचाय!" भोंगाशेठ म्हणाला.

"किती गोड बोलता हो तुम्ही, शेठ," मिस्त्री म्हणाला. "कसला आवाज?"

"गाडीचा!"

"तो मला कुठला ऐकू यायला? पण हाताला लागतो." त्याने इंजिन सुरू करायला लावलं आणि डॉक्टर पोट तपासतो तसा तळहात ठेवत गाडीभर फिरला. दारावर, पायाखालच्या पत्र्यावर, सीटच्या मागे. जिथे जास्त थरथरत होतं तिथे खडूने फुल्या मारल्या. शेवटी गाडीवर जेवढा रंग दिसत होता तेवढाच खडू दिसायला लागला.

मग इंजिन बंद करून त्याने फोम, ट्रे, हिरवळ, सगळं उपटून बाहेर फेकलं. केबिनच्या काचांवर पोती टाकून आत काळोख केला, भोंगाशेठला आत बसवलं आणि बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूने दिवा धरला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ठिकठिकाणी उजेड आत आला. वायरी जिथून आत येतात तिथली रबरं कधीच झिजून गळून पडली होती. पेडलांच्या वर तर अख्खी मूठ जाईल एवढं भोक.

"चांदण्या दिसतात का?" मिस्त्रीने बाहेरून विचारलं.

"आकाशगंगाच आहे की!"

"जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. आधी भोकं बुजवायची. गादी लोळायला असते, शेठ."

पुढचे काही दिवस गाडी तिथेच उघडी पडून होती. मिस्त्रीने भोकांना नवी रबरं बसवली, दारांच्या कडांची चिंबलेली रबरी बीडिंग बदलली. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं पापडासारखी चपटी झाली होती, तीही बदलली. सायलेन्सरचा एक जोड फुंकत होता, तो बंद केला. मग पायाखालच्या पत्र्याला, दारांना आणि मागच्या पत्र्याला डांबरासारखे जड, चिकट शीट रुळाने दाबून दाबून बसवले. त्यावर पाणी न पिणारा फोम, पण बेताच्या जाडीचा, आणि सगळ्यात वर जाडजूड रबरी मॅट. प्रत्येक कामानंतर तो दारावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि एकेक फुली पुसायचा.

पुढचं मला नवराबायकोने वेगवेगळं सांगितलं. त्यातलं जुळतं तेवढंच सांगतो.

एका ऑफिसात शोभेची झाडं पोचवायची होती. भोंगाशेठने किल्ली फिरवली. काही वाजलं नाही, म्हणून त्याने पुन्हा फिरवली, तर गाडी कळवळून ओरडली. ती आधीच सुरू झाली होती.

"कसं वाटतंय गं?" त्याने विचारलं.

वहिनींनी कानावर हात ठेवले. "अहो, मी शेजारी बसलेय, पलीकडच्या डोंगरावर नाही."

गाडी वळायला लागली तसं त्याने कान टवकारले. "काहीतरी सुटलंय. टकटक ऐकू येतंय बघ."

"इंडिकेटर आहे तो."

"इंडिकेटर वाजतो?"

पुढे मेव्हण्याचं दुकान लागलं. आता भोंगाशेठला एक जुनी सवय होती. इतकी वर्षं इंजिनाच्या धडधडाटाआड तो मनातलं सगळं बिनधास्त बोलून मोकळा व्हायचा. कुणाच्या बापाला कळणार? त्या दिवशीही सवयीने तोंडातून निघून गेलं, "बसलाय बघा स्टुडिओवाला. हातात फोम आणि डोक्यात भुसा."

"कुणाच्या डोक्यात?" वहिनी म्हणाल्या.

"अं?"

"भुसा कुणाच्या डोक्यात म्हणालात?"

"तुला ऐकू आलं?"

"म्हणजे हे रोज चालायचं?"

त्याने गिअर बदलला आणि, वासाच्या दिवसांतली खोड, मान खिडकीबाहेर काढली. आणि वहिनी, त्याही खिडकीकडे तोंड करून, सवयीनेच पुटपुटल्या, "काढली मान बाहेर. कासव."

"कासव कोण?"

आता वहिनी मांडीवरचं रोप नीट करायला लागल्या.

मग जे भांडण पेटलं ते ऑफिस मागे टाकून गावाबाहेर गेलं. एरवी त्यांची भांडणं व्हायची नाहीत असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. तशी ती होत होती, पण ज्याचं तो स्वतःशीच.

"माझ्या भावाला एवढं बोलता, तर माझ्या आईला काय काय बोलला असाल!"

"छे छे! त्यांच्याबद्दल मी फक्त चढावर बोलायचो."

चढावर गाडी सर्वांत जास्त आवाज करायची, हे वहिनींच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तो क्षण संपल्यावरचं मला दोघांनीही सांगितलं नाही.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "आणि मी किती वर्षं म्हणतेय, मला गाडी चालवायला शिकवा. दर वेळी मान डोलवलीत. शिकवलं कधी?"

"मला वाटायचं तू म्हणतेस, गाडी सावकाश चालवा."

"मग सावकाश तरी कधी चालवलीत?"

मला हे सांगताना तो प्रथमच हळू बोलला. म्हणाला, "ती रोज माझ्या बाजूला बसून बोलत होती रे. आणि मी मान डोलवत होतो. नुसताच बैलासारखा." एका मोकळ्या माळापाशी त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, वळसा घालून वहिनींच्या बाजूला आला आणि दार उघडलं.

"सरक तिकडे."

"आत्ता? झाडं द्यायचीत ना?"

"झाडं कुठे पळून चाललीत?"

त्या दिवशी वहिनींनी माळावर गाडी चालवली, म्हणजे दोन ससे, एक गुराखी आणि त्याची सगळी गुरं यांना पळवलं. ऑफिसच्या झाडांपैकी एक मोडलं. रोज संध्याकाळी शिकवणी चालली. भोंगाशेठ शेजारी बसून नसलेला ब्रेक इतका दाबायचा की नवी मॅट त्या जागी दबून गेली. काही आठवड्यांनी वहिनींना लायसन्स मिळालं, तेव्हा त्या पेढे न देता माझ्या दुकानासमोर गाडी आणून पहिल्या फटक्यात रिव्हर्समध्ये लावून दाखवून गेल्या.

मागच्या आठवड्यात मी कुंड्या आणायला त्यांच्याबरोबर गेलो. वहिनी गाडी चालवत होत्या, मी मधे, भोंगाशेठ खिडकीपाशी. तो पहिल्यांदाच गाडीत बसलेल्या पोरासारखा बाहेर बघत होता. "ही इमारत कधी झाली?"

"झाली की कधीच."

"आणि हा तलाव?"

"तलाव आधीपासून आहे. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात."

दवाखान्याच्या वळणावर एक डेरेदार झाड दिसलं. "ते आपलं!" तो ओरडला. "आपण दिलेलं रोप आहे ते!"

"आपलं नाही. आपण इथे पाम दिले होते, ते वाळले."

"पाम पलीकडे. हे आपलं."

वहिनींनी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली. दोघे उतरले, दोन्ही बाजूंची दारं घट्ट लागली, आणि दोघे झाडापाशी जाऊन वाद घालायला लागले. तो खोडाला थाप मारायचा, त्या पान तोडून त्याच्या नाकासमोर धरायच्या. काचा वर होत्या. इंजिन सुरू होतं. मला एक अवाक्षर ऐकू येईना. मी मांडीवरची कुंडी सांभाळत बघत बसलो.

बऱ्याच वेळाने दोघे परत आले.

"मग? कुणाचं निघालं झाड?" मी विचारलं.

"विचारूच नका," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.