होडी ओढायचा रहाट

तारापूरच्या किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून घ्यायला माझ्या थोरल्या भावाने बोईसरच्या आमच्या वर्कशॉपात हाताने फिरवायचा रहाट बनवला. त्याला पोलादी खटका होता. हँडलवरचा हात सुटला तरी ते उलटं फिरत नसे.

आम्ही मच्छीमार घरातले. नवं जे काही असेल ते नारळी पौर्णिमेला आधी दर्यासमोर मांडायचं, ही आमची रीत. दादाने रहाट मांडला, अख्ख्या गावाला फिरवून दाखवला आणि मग पेटंट घ्यायला मुंबईच्या वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, "चारचौघांत दाखवलेली वस्तू कायदा नवी धरत नाही. आता ती कुणीही बनवावी." त्याचं थोबाड फोडावं असं मला आजही वाटतं.

पालघरच्या एका शेठने लगेच तस्साच रहाट विकायला काढला, फक्त खटका स्वस्तातला, बिडाचा. दादा जाब विचारायला गेला, तर शेठच्या माणसांनी त्याला भर रस्त्यात लाथांनी तुडवलं.

महिनाभरात शेठच्या एका रहाटाचा खटका तुटला. हँडल गरगरा उलटं फिरलं आणि एका खलाशाचा जबडा फुटला. रहाट गावाला दाखवला होता तो दादानेच, म्हणून त्याचे भाऊबंद वल्ही घेऊन आमच्या दारात आले. एकाने दादाची गचांडी धरली.

"रहाट तुजाच ना रे?"

"दादा, शेठचा हाय म्हणून सांग!" मी किंचाळले.

वल्हं त्याच्या तोंडावर बसलं. दात उंबऱ्यावर पडले. दादाने रक्त थुंकलं आणि मान ताठ केली.

"माजाच हाय," तो म्हणाला.