काच फोडणारा पेंटर

नातवंडांनो, गेल्या रविवारी तुम्ही माझ्या फोनमधली अक्षरं मोठी करून दिलीत. कमी दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरची सोपी अक्षरं घडवणं हा आता एक व्यवसायच आहे, असंही सांगितलंत. असा एक माणूस मी फार पूर्वी सांगलीत पाहिला होता. माझे डोळे साथ देताहेत तोवर त्याच्याबद्दल लिहून ठेवते.

"पाठ न्हाई, बघून वाच!" असं ओरडून तो हातातली काच फरशीवर आपटायचा. त्याच्या बोटांवर सतत ताज्या जखमा असत.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. लढाई नुकतीच संपली होती. कमी दिसणाऱ्या मुलांच्या एका लहानशा शाळेत मी शिकवत होते. हा साताऱ्याकडचा, फौजेतून परतलेला. सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर जाहिराती दाखवत, त्यांच्या काचेच्या स्लाइड रंगवायचं काम करी. सगळे त्याला पेंटर म्हणत.

एक दिवस तो आठ वर्षांच्या मुलीला दंडाला धरून घेऊन आला. त्याने हात सोडला तेव्हा तिच्या दंडावर चार बोटं उमटली होती.

"बाई, हिला वाचाय शिकवा. गाववाल्याची पोरगी हाय. बाप न्हाई हिला."

मुलगी हुशार निघाली. तीन महिन्यांत धडा घडाघडा वाचू लागली. मी मोठ्या अभिमानाने पेंटरला बोलावलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग पुस्तक तिच्या हातातून घेऊन उलटं करून परत दिलं. ती तशीच घडाघडा वाचत राहिली.

त्याने पुस्तकाचे दोन तुकडे केले. "पाठ केलंय हिनं! तुमी एवढ्या इंग्रजी शिकलेल्या, आन् एवढं कळंना?" भिंतीवरच्या तसबिरीच्या काचेवर त्याने मूठ हाणली. मी त्याला हाकलून दिलं. तो गेल्यावर फरशीवरचं रक्त मीच पुसलं.

दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून तो पुन्हा दारात. "पोरीचं डोळं बाद न्हाईत, बाई. अक्षरं बाद हायेत."

मग रोज सकाळी, पहिल्या खेळाआधी, आम्ही तिघं रिकाम्या थिएटरात जमू लागलो. काचेवर तो दिव्याची काजळी धरायचा आणि तीतून काडीने अक्षरं खरवडून काढायचा. काळ्या पडद्यावर पांढरी, जाडजूड, ऐसपैस अक्षरं उमटत. मुलगी अडखळली तर तो तिला कधी बोलला नाही. शिव्या अक्षराला पडत. "ह्या ध चं पोट बुजलंय भाड्याचं! पसर जरा!" आणि काच फरशीवर. तिने बरोबर वाचलं तरी काच फरशीवरच.

तुकडे झाडून झाडून डोअरकीपर वैतागला. "गड्या, एक तरी काच उद्याला ठिव की रं!"

"उद्याला ठिवली की पाठ हुती."

मॅनेजर एकदा म्हणाला, "आंधळ्यांसाठी सिनेमा कशाला?" पेंटरने त्याला जिन्यावरून ढकललं. मॅनेजरचे दोन दात गेले. माफी मागायला मी गेले, म्हणून थिएटर मिळत राहिलं. पेंटर खाली बसून काजळी धरत होता.

त्यात मुलीचा आजोबा गावाहून आला. "दिवाळीपतोर माझ्यापुढं वाचली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर नेतो. चुलीपाशी बसंल." तिच्या मनगटावर भाजल्याचा मोठा व्रण होता, तो त्याच चुलीचा.

त्या आठवड्यात मी पेंटरला विचारलं, एवढा राग कशाचा? काचेवरून मान न उचलता तो बोलला.

"हिच्या बापाची नजर पयल्यापास्नं अधू. भरतीत डोळं तपासत्यात त्यो तक्ता मी गोठ्याच्या भितीवर लिवला आन् त्याच्याकनं पाठ करून घेतला. झाला भरती. लढाईत सुरुंग पेरलेल्या रानाम्होरं बोर्ड लावला, त्योबी मीच रंगिवलेला. लय नक्षीदार, सावली दिलेली अक्षरं. सायबानं पाठ थोपटली. संध्याकाळच्याला ह्यो आला, बोर्डाला हात लावला, डोळं बारीक केलं आन् पुढं गेला. मी हाक मारस्तोवर उडाला. त्याला गोळा करून चादरीत बांधला, बाई. चादर भरली न्हाई."

दिवाळीच्या आदल्या दिवशी म्हातारा थिएटरात येऊन बसला. दिवे मालवले. पडद्यावर दोनच ओळी आल्या. मुलगी पुढे झुकली.

"थां... बा. थांबा." मग तिने हवेत बोटाने दुसरी ओळ गिरवली. "पुढं... सु... रुं... ग. पुढं सुरुंग."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय का वं, बाई?"

"अगदी बरोबर."

तेवढ्यात पेंटर मागच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून खाली आला. गरम काच त्याच्या उघड्या हातात होती. "आबा, त्यो बोर्ड माझा हुता. तुमच्या पोराला वाचता आला न्हाई. आन् तक्ताबी मीच पाठ करून घेतला हुता."

म्हातारा उठला आणि त्याने पेंटरच्या थोबाडीत मारली. रिकाम्या थिएटरात तो आवाज घुमला. पेंटरच्या ओठातून रक्त आलं, पण तो हात खाली सोडून तसाच उभा राहिला. म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा हात उगारला. तो वरच राहिला, मग खाली आला.

"पोरगी ऱ्हाऊ दे हितंच," एवढं म्हणून तो एसटी गाठायला निघून गेला.

पेंटरने सवयीने काच उगारली. मुलीने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "काका, ही नका फोडू. ही पाठ झाली तरी चालंल."

त्याने काच माझ्या हातात दिली आणि तो पडद्याकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते.

मुलगी मॅट्रिक झाली. त्याआधीच पेंटर काविळीने गेला. त्याच्या खोलीत फुटक्या काचांची दोन पोती निघाली, ती कोणीतरी उकिरड्यावर टाकली.

ती एक काच माझ्या कपाटात, वरच्या खणात, मलमलीत गुंडाळलेली आहे. तिच्या कोपऱ्याला तडा गेला आहे. काल मी चष्मा काढून ती खिडकीपुढे धरली. अजून वाचता येते.