बिरोबाच्या दारासाठी दोन कार्बन

त्या वर्षी माझं आणि बिरोबाचं पटत नव्हतं. बोलणं चालू होतं, पण ते सगळं माझ्याच बाजूनं, आणि बहुतेक भांडणच. आमच्या ह्यांचा उजवा हात मोटरसायकलवरून पडून मोडला होता. हाड जुळलं, पण मनगटात जोर राहिला नाही, आणि सुतारकाम करणाऱ्याला हातकरवत ओढता येईना. घरात विजेवरची एक जुनी करवत मात्र होती. कोरेगाव भीमाकडं एका कारखान्यात हे लाकडी पेट्या बनवायला होते, तिथून निघताना त्यांनी ती मागून आणली होती. दोन्ही हातांनी रेटून ती त्यांना चालवता यायची. त्या भरवशावर वस्तीनं बिरोबाच्या नव्या देवळाचं दार त्यांच्याकडं दिलं. आमची माणसं पूर्वी मेंढरांमागं फिरली, तेव्हा देवही उघड्यावरच राहिला. त्याचं हे पहिलंच दार. सागवान आलं, चौकट झाली, आणि फळ्या कापता कापता मशीन ठिणग्या टाकून गप्प झालं.

आतले कार्बन झिजले होते. कार्बन म्हणजे मोटरीतले दोन काळे चौकोनी तुकडे, बोटाच्या पेराएवढे. त्यांच्यावाचून सगळं अडलं. शिरूरचे दुकानदार म्हणाले, हे मॉडेल केव्हाच बंद झालं. इकडं वस्तीत कुजबुज सुरू झाली की लोखंडी दार बसवून टाकावं, वेल्डिंगवाला लगेच देतो. हे मान खाली घालून म्हणाले, "बसवू दे त्यांना. मी बघतो कुठं वॉचमनचं काम मिळतंय का." ते ऐकून माझं डोकंच फिरलं. हातात पाटीभर शेण होतं, ते तिथंच टाकून मी तडक देवापुढं गेले.

"तुला दार नको आसंल तर तसं सांग. पर माझ्या माणसाच्या हातचं काम काढून घेऊ नगं!"

वस्तीतले सगळ्यात जुने आबा तिथं बसले होते. "आगं, देवाला दम देतीस व्हय?" ते हसले. मग म्हणाले, "दौंडाला बघून ये. तिथली लई मान्सं रेल्वेत व्हती, असली जुनी मशिनं त्यांच्याकडंच."

दुसऱ्या दिवशी झिजलेले तुकडे रुमालाच्या गाठीत बांधून मी एसटीत बसले. दौंडला जेवढी हार्डवेअरची दुकानं दिसली तेवढी पालथी घातली. कोणी तुकडे हातात घेऊन परत देत होतं, कोणी न बघताच मान हलवत होतं. ऊन डोक्यावर आलं, पाय बोलायला लागले. शेवटी सावली दिसली म्हणून एका दुकानात शिरले. पाटी काही वाचली नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "कार्बन हायेत का?"

"हायेत की! किती पायजेत?"

मला वाटलं, पावला! "दोनच द्या," म्हटलं. त्या माणसानं झोकात दोन निळे कागद काढले आणि काउंटरवर ठेवले. कार्बन पेपर! आजूबाजूला बघितलं तर वह्या, पेनं, पाकिटं. मी त्या कागदांकडं बघत राहिले आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "आवं, असलं न्हाई, असलं!" म्हणत मी रुमालाची गाठ सोडली.

शेजारी एक म्हातारी पाकिटं घ्यायला आली होती. फ्रॉक घातलेला, गळ्यात बारीक क्रूस. तिनं एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. "अरे, ये तो हमारे साहब के मशीन का! वो गये, मशीन राहिली. घरी ये, बघून घे."

दुकानदार तिला आंटी म्हणत होता, म्हणून मीही आंटीच म्हटलं. तिचं घर जवळच होतं. नवरा रेल्वेत होता, फावल्या वेळात सुतारकामाची हौस. कॉटखालून तिनं गोणपाट ओढलं. आत तीच करवत! तोच रंग, तीच मूठ. मोटर जळलेली, पण कार्बनवरचं टोपण फिरवून बघितलं तर कार्बन जवळजवळ नवेच. "भंगारवाला कालच येनार होता," आंटी म्हणाली, "आलाच नाय."  काय देऊ विचारलं तर म्हणाली, "पूरा मशीन ले जा. बाकीचे पार्ट पण लागतील. दार झालं की मला बोलव, बस."

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पोत्यात काय हाय?" मी म्हटलं, "करवत." तो म्हणाला, "मंग शीटापासनं लांब ठिवा!" सगळी गाडी हसली, सगळ्यात जास्त मी.

ह्यांनी कार्बन बसवले, बटण दाबलं. मशीन असं गरजलं की कोंबड्या सैरावैरा पळाल्या. हात मोडल्यापासून हे पहिल्यांदा मोकळं हसले.

दार बसवायच्या दिवशी मी आंटीला घेऊन आले. आबांनी दाराला, मशीनला आणि आंटीच्या कपाळाला, तिला विचारूनच, भंडारा लावला. तिनं फळीवरून हात फिरवला आणि ह्यांना हळूच म्हणाली, "एकदा चालू करून दाखव ना, बेटा." ह्यांनी एक उरलेली पट्टी कापायला घेतली. आंटीनं डोळे मिटले. करवतीचा आवाज थांबला तरी ती तशीच उभी होती. मग म्हणाली, "घरात एकदम शांत झालं होतं, साहब गेल्यावर. आज ते परत ऐकू आले."

मला वाटत होतं, बिरोबानं मला दौंडला माझ्या कामासाठी नेलं. त्या क्षणी कळलं की तो एकाच फेरीत तिचंही काम करत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आजही मी देवाकडं मागते, भांडतेसुद्धा. पण कुठल्या दुकानात शिरायचं ते आता त्याच्यावर सोडते.