जखमी जवानांच्या दारी जाणाऱ्या सुमनताई

सुमनताईंची पहिली भेट उटनूरच्या सरकारी दवाखान्यात झाली. मी नवी परिचारिका, नजर रुग्णाच्या जखमेवरच खिळली होती. ताई शेजारी येऊन म्हणाल्या, "जखम मंग पाह्य. आधी मानसाच्या तोंडाकडे पाह्य." पुढची सारी नोकरी मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

शेतमजुरांच्या वस्तीतून परिचारिका झालेल्या ताई आमच्या भागातल्या पहिल्याच. सीमेवर लढाई पेटली तेव्हा त्या स्वतःहून लष्करी इस्पितळात गेल्या. परतल्यावर त्यांना एकच काळजी लागली होती, इस्पितळातून घरी सोडलेल्या जवानांकडे पुढे कोण पाहते? कोणीच पाहत नव्हते. मग सुट्टीच्या दिवशी ताईच निघू लागल्या.

अशाच एका जवानाकडे, नार्नूरच्या किसनरावांकडे, ताई गेल्या तेव्हा मी सोबत होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गेला होता. उरलेला भाग चिघळला, तरी ते कोणाला हात लावू देत नव्हते. आम्हाला पाहताच आतून ओरडले, "काऊन आल्या? मेलेला पाह्याले?"

"जिता हाय म्हनून आली," म्हणत ताई ओट्यावर बसल्या.

दुपार टळली. किसनरावांच्या पत्नीने भाकरी आणली, तर ताई म्हणाल्या, "ते जेवतील तवा जेवीन."

बऱ्याच वेळाने आतून हळू आवाज आला, "बाई, वास येते. तुमाले सहन नाही होनार."

ताई उठून आत गेल्या. जखम धुऊन होईपर्यंत किसनराव लहान मुलासारखे रडत होते.

ताईंनी त्यांना इस्पितळात नेले, जखम भरल्यावर कृत्रिम पाय बसवून आणला. किसनरावांनी बाजारात भाजीचे दुकान थाटले. पुढे बाजारहत्नूरचा एक जवान हात गमावून घरी आला, तेव्हा ताई पोचण्याआधीच किसनराव त्याच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांना तिथे पाहून ताईंनी पदराने डोळे टिपले.

माझ्या आईच्या आजारपणात माझी ड्यूटी ताईंनीच सांभाळली. मी आभार मानू लागले तेव्हा त्यांनी मला दटावले होते. ते दटावणे ऐकायला आता कान आसुसतात. नजर अधू झाल्याने ताई नागपूरला भाचीकडे राहतात. फोनवर विचारतात, "मोहाची फुलं पडून राह्यली का वं?" मी हो म्हणते.

ताई, आज तुमची पंचाहत्तरी; यापुढचीही पुष्कळ वर्षे तुम्हाला निरोगी लाभोत, डोळ्यांना पुन्हा उजेड मिळो. दवाखान्यासमोर बस थांबली की आम्ही अजून खिडकीशी येतो. उतरणाऱ्यांत एकदा तरी तुम्ही असाव्यात.